तू कुणाचा?

दिवाळी झाली की अंकुशनगरच्या रस्त्याला टायरगाड्या लागतात. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या महाकाळा गावाजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्याभोवती वाढलेल्या वसाहतीला माजी खासदार अंकुशराव टोपे यांचं नाव मिळालं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून माणसं आली. शहागडचा पूल ओलांडला की गोदावरीपलीकडे गेवराई, म्हणजे बीड जिल्हा, ऊसतोड कामगारांचं माहेरघर. जालन्याचं एक वेगळेपण असं, की इथे तोडणीला बाहेरची माणसं येतात आणि इथल्याच तांड्यावस्त्यांवरची माणसं तोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने हजारो कुटुंबं आपल्या घरात नसतात.

घरातल्या भांडणाचं मुलावर काय होतं, हा या प्रकरणाचा विषय. तो मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातूनही सुरू करता आला असता. मी अंकुशनगर निवडलं, कारण इथे लग्न आणि मजुरी एकाच दोरीने बांधलेली आहेत.

ऊसतोडीच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, 50 हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत, हंगामाच्या आधीच. दोघांनी मिळून तोडून ती फेडायची. एक जण तापाने पडला तर खाडा धरला जातो, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. अशा घरात नवरा-बायकोचं पटेनासं झालं, नवरा पिऊन मारू लागला, तर बाईने काय करायचं? गावात असली तर ती मुलांना घेऊन माहेरची एसटी धरते. उसाच्या फडातून उठून गेली तर कोयता मोडतो, उचल तशीच राहते आणि मुकादम तिच्या भावाच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून ती राहते. ती ज्या कोपीत राहते, त्याच कोपीत तिचं मूलही असतं.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, पाचट आणि वरून ताडपत्री. तिला दुसरी खोली नाही आणि दाराला कडी नाही. आईबाप पहाटे तीन-चारला फडावर निघतात तेव्हा आठ-नऊ वर्षांची थोरली पोर धाकट्याला सांभाळत मागे राहते. रात्री भांडण पेटलं तर ती दोघं गोधडीत डोकं खुपसून पडून राहतात. मोठी माणसं म्हणतात, पोरं झोपलीत. सगळ्या महाराष्ट्रातल्या घरांत हे वाक्य ऐकू येतं, फ्लॅटमध्येही आणि वाड्यातही. या वाक्यावर मोठी माणसं फार विसंबतात.

ते किती फसवं आहे हे 2013 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगाने दाखवलं. अ‍ॅलिस ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांची 20 बाळं निवडली. बाळ गाढ झोपल्यावर त्याला मेंदूच्या तपासणी यंत्रात ठेवलं आणि एका पुरुषाच्या आवाजात निरर्थक शब्द ऐकवले, कधी साध्या स्वरात, कधी आनंदी, कधी खूप रागावलेल्या. ज्या बाळांच्या घरात आईबापांची भांडणं जास्त होती, त्यांच्या मेंदूत ताण आणि भावना सांभाळणारे भाग रागाच्या स्वराला अधिक जोराने प्रतिसाद देत होते. बाळं तेव्हाही झोपेतच होती. शब्दांना काही अर्थच नव्हता, तरी सूर त्यांच्यापर्यंत पोचला होता.

थोड्या मोठ्या मुलाचं शरीर हेच काम जागेपणी करतं. धोका जाणवला की कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं रक्तात उतरतात, छाती धडधडते, कान टवकारले जातात. वाघ दिसल्यावर पळण्यासाठी केलेली ही सोय आहे. वाघ कधीतरीच येतो, म्हणून ती सोय परवडते. पण मुलाचा धोका रोज संध्याकाळी चपला काढून घरात येत असेल तर ही यंत्रणा बंद व्हायलाच विसरते. असं मूल बापाच्या पावलांवरून ओळखतं, आज पिऊन आलाय की नाही. आईने भाकरीचा तवा चुलीवर कसा ठेवला यावरून त्याला पुढचा तास कळतो. हा कानोसा घेण्यात त्याची सगळी शक्ती खर्च होते. मग शाळेत गुरुजी म्हणतात, याचं लक्ष नसतं. लक्ष असतं, ते घरी लागलेलं असतं.

या विषयावर मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं काम केलं आहे. त्याच्या अभ्यासातल्या दोन गोष्टी प्रत्येक आईबापाने ऐकाव्यात. पहिली अशी की ओरडणं-मारणं जितकं मुलाला कळतं तितकाच अबोलाही कळतो. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप मुलामार्फत जातात, 'तुझ्या बापाला सांग जेवायला ये', हे मुलाच्या दृष्टीने भांडणच. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. मतभेद मुलासमोर झाले आणि मुलासमोरच मिटले, तर त्याचा ताण पुष्कळ उतरतो. आपल्याकडे उलट होतं. भांडण चव्हाट्यावर होतं आणि समेट रात्री, मुलं झोपल्यावर. मुलाला कथेचा पहिला अर्धा भाग तेवढा कळतो.

भांडणाच्या पुढची पायरी म्हणजे मार, आणि तो मुलापर्यंत किती पोचतो याचा आकडा आपल्याच देशात आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार निम्म्याहून जास्त, 53.22 टक्के, मुलांनी भोगला होता, आणि अशा छळात निम्म्या वेळा करणारा ओळखीचा, विश्वासातला माणूस होता. अनोळखी माणसापासून सावध राहायला आपण मुलांना शिकवतो. घरातल्या माणसाबद्दल बोलायला त्यांच्याकडे शब्दही ठेवत नाही.

बाईवरच्या माराचा आकडाही बोलका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याआधीच्या फेरीत हाच आकडा 21.3 होता. चारांतल्या एका विवाहित बाईने कधी ना कधी हे सोसलं, असा याचा सरळ अर्थ. अशा घरात मूल असेल तर ते हे पाहतही असतं.

हे पाहण्याची किंमत पुढे किती वर्षांनी वसूल होते, यावर 1998 साली एक गाजलेला अभ्यास आला. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन उतरत असलेले रुग्णच मधूनच उपचार सोडून का जातात, याचा शोध घेताना त्यांना त्या माणसांच्या बालपणातले घाव सापडले. मग रॉबर्ट अंडा यांच्याबरोबर त्यांनी 9,508 प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं: मार, लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातलं दारूचं व्यसन. चार किंवा अधिक घाव असणाऱ्यांमध्ये दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण, एकही घाव नसणाऱ्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट निघालं. हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजारही वाढलेले होते. कोपीतल्या पोराला पुढे चाळिशीत होणाऱ्या आजाराचं मूळ त्या रात्रींत असू शकतं. मात्र हा आकडा लोकसमूहाचा आहे. कुठल्याही एका मुलाच्या कपाळी तो लिहू नये.

मग असं घर मोडलेलंच बरं का? या प्रश्नाला गावाचं उत्तर ठरलेलं आहे: काही झालं तरी पोरांसाठी नांदायचं. संशोधनाचं उत्तर इतकं एकसुरी नाही. पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी 1980 पासून बारा वर्षं अमेरिकन कुटुंबांचा मागोवा घेतला आणि 1995 मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे आईबापांत तीव्र, सततचा संघर्ष होता, तिथे घटस्फोट झाल्यावर मुलं पुढे अधिक चांगली राहिली. एकत्र राहून भांडत बसलेल्या आईबापांच्या मुलांचं मात्र वाईट झालं. जिथे संघर्ष फारसा नव्हता आणि तरी घर एकाएकी मोडलं, तिथे मुलांना जबर धक्का बसला, कारण त्यांना काही कळलंच नव्हतं. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तीस वर्षांत सुमारे 1,400 कुटुंबं अभ्यासली. घटस्फोटित घरांतल्या चारपैकी साधारण एका मुलाला गंभीर अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांत हे प्रमाण दहापैकी एक होतं. म्हणजे धोका दुपटीहून जास्त आहे, आणि तरीही चारपैकी तीन मुलं धडपणे उभी राहतात. 'फारकतीच्या घरातली पोरगी' म्हणून सोयरीक नाकारणाऱ्यांनी हा दुसरा भाग लक्षात ठेवावा.

मारहाणीच्या घराबद्दल माझ्या मनात संदेह नाही. तिथे 'पोरांसाठी नांद' हा सल्ला पोरांच्याच विरुद्ध आहे.

पण हे सारे अभ्यास कोर्टाच्या घटस्फोटाचे, आणि अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात कोर्टाची पायरी चढणारी जोडपी थोडी. बऱ्याच जातींत काडीमोड जुनी आहे. चार माणसांच्या बैठकीत काडी मोडली, देणंघेणं मिटलं, झालं. पुष्कळदा तेही होत नाही. नवरा नांदवत नाही आणि सोडतही नाही. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसं साडेतेरा लाखांच्या वर होती आणि नुसतीच वेगळी राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. आपल्या भाषेत अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात, जणू ती वस्तू आहे. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा या बायकांचा प्रश्न महाराष्ट्राने पहिल्यांदा मोठ्याने ऐकला. त्यांच्या कडेवरच्या मुलांचा प्रश्न अजून तेवढ्या मोठ्याने ऐकलेला नाही.

ही मुलं आजोळी वाढतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आजोळ आणि कायमचं आजोळ यांत फार अंतर आहे. सुट्टीत भाचा पाहुणा असतो. कायमचा आला की मामीच्या चुलीवरचं एक जास्तीचं ताट होतो. कुणी वाईट नसतं, पण भाचा शिकायला लागतो: दूध मागायचं नाही, मामाच्या पोराशी भांडायचं नाही, आई रडली तर विचारायचं नाही. सहा-सात वर्षांच्या वयात मुलं जगातली प्रत्येक गोष्ट स्वतःशी जोडतात. त्यामुळे त्याला खात्री असते की आपल्यामुळेच हे झालं. आपण त्या दिवशी हट्ट केला, वह्यांना पैसे मागितले, म्हणून बाप चिडला. हे तो कुणालाच सांगत नाही, म्हणून कुणी खोडूनही काढत नाही.

अशा पोराला ओसरीवर बसलेली मोठी माणसं हसत हसत विचारतात, 'तू कुणाचा रे? आईचा का बापाचा?'

विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते. मुलाला ती परीक्षा वाटते, आणि कुठलंही उत्तर दिलं तरी एकाशी बेइमानी ठरलेली. आईचा म्हणावं तर बाप कायमचा गेला. बापाचा म्हणावं तर ज्या घरात जेवतो तिथलेच चेहरे पडतील. त्याच्या नाकाडोळ्यांत बाप आहे. 'गेलाच अगदी बापावर' हा टोमणा ऐकताना त्याला कळतं, की आपल्यातला अर्धा भाग या घराला नको आहे. मानसशास्त्रात याला निष्ठेची ओढाताण म्हणतात. माझ्या मते घर मोडल्याच्या नुकसानीत सगळ्यात टाळता येण्याजोगं नुकसान हेच आहे, कारण ते टाळायला ना पैसा लागतो ना कोर्ट. आईबापांनी आणि आजोळाने एवढंच पाळायचं, की दुसऱ्याची निंदा मुलासमोर नाही आणि मुलाकडून निरोप, हेरगिरी नाही.

कायदासुद्धा हा प्रश्न जपून विचारतो. 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, दोन्हींत मुलाचं हित निर्णायक आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे. समज आलेल्या मुलाचं मत न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. ते बहुधा मुलाला आपल्या दालनात बोलावून, आईबापांना बाहेर बसवून, सावकाश बोलतात, आणि मुलाच्या उत्तरावर सगळा निकाल टाकत नाहीत. ओसरीवरच्या माणसांनी एवढी तरी काळजी घ्यावी.

मुलीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. दारू आणि मारहाणीच्या घरात, किंवा आईबाप तोडणीला गेल्यावर नातेवाइकांकडे ठेवलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी सगळ्यांना ओझं आणि धोका वाटू लागते. कोपीत एकटी ठेवायची भीती, गावात ठेवायची भीती. मग तिचं लग्न लावून दिलं की काळजी मिटली, असं समजतात. शिवाय एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारच्या परभणीत हा आकडा 48 टक्के आणि बीडमध्ये 43.7. जालनाही राज्याच्या सरासरीच्या वरच. मार पाहत वाढलेली ती मुलगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी आई होते आणि तिचं बाळ पुन्हा तशाच कोपीत जन्मतं. हे चक्र तोडण्याचा अधिकार गावातच एका माणसाच्या हाती आहे. ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नपत्रिका त्याच्याही घरी जाते.

मग टिकतात ती मुलं कशाने टिकतात? हवाई बेटांतल्या काउआई इथे 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, भांडणं, व्यसन, आजार अशा अनेक संकटांत वाढली. त्यांतलीही एक तृतीयांश मुलं कर्ती, प्रेमळ, भरवशाची माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा एक गोष्ट सापडली: आयुष्यात एक तरी मोठं माणूस असं होतं, जे बदललं नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाच्या शाळेतल्या बाई.

अंकुशनगरच्या परिसरात अशी माणसं कमी नाहीत. आईबाप कर्नाटकात असताना पाच नातवंडांना भाकरी करून घालणारी म्हातारी त्यातलीच. आजीजवळ राहून मुलांची शाळा चालू राहावी, त्यांना दोन वेळचं जेवण मिळावं, यासाठी जिल्हा परिषद शाळांच्या आधाराने हंगामी वसतिगृहं सुरू झाली. त्याआधी औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या होत्या. 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं उभारण्याचं ठरवलं. ही सोय शिक्षणाची म्हणून ओळखली जाते. मला ती त्याहून मोठी वाटते. सहा महिने त्याच अंथरुणात, त्याच वेळी जेवण आणि रात्री शांतता, हे भेदरलेल्या शरीराला मिळणारं औषधच आहे. तिथे अधीक्षक दर दोन महिन्यांनी बदलू नये, एवढं जरी सांभाळलं तरी काउआईचा धडा निम्मा शिकलो.

शिक्षकांना मी एकच सुचवेन. हजेरी घेताना गप्प झालेलं, अचानक मारकुटं झालेलं किंवा सारखं पोट दुखतंय म्हणणारं मूल दिसलं, तर घरचं विचारू नका. 'जेवलास का?' विचारा, रोज विचारा. सांगायचं असेल ते एक दिवस ते मूल आपणहून सांगेल. त्याने लैंगिक छळाचं सांगितलं तर मात्र गप्प राहण्याची मुभा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, घराण्याची अब्रू हे कारण त्यात बसत नाही.

आणि आईसाठी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्यास नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क, पोटगी आणि मुलांचा तात्पुरता ताबा, तिन्ही एकाच अर्जात मागता येतात, घटस्फोट न मागता. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला आणि बालकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. नवऱ्याने टाकलेल्या किंवा घटस्फोटित आईच्या मुलाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना 2,250 रुपये मिळू शकतात. आजोळच्या चुलीवरचं जास्तीचं ताट त्याने थोडं हलकं होतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लागतं. मूल अडचणीत असेल तर 1098 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, आणि तो मूल स्वतःही लावू शकतं.

यंदाचा पट्टा पडेल, टायरगाड्या परत फिरतील, काही घरांत कोयते मोडलेले असतील आणि काही पोरं नव्याने आजोळी येतील. तुमच्या ओसरीवर अशा एखाद्या पोराला कुणी हसत विचारलं, 'तू कुणाचा रे, आईचा का बापाचा?', तर विचारणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि त्या पोराला सांगा, की तू दोघांचा आहेस, आणि जे झालं ते तुझ्यामुळे झालेलं नाही.